खंडेनवमीला अडलेला स्क्रू

त्या दिवशी सकाळी आभाळाचं काही ठरत नव्हतं. चामुंडीच्या डोंगरावर ढगांची गोधडी पडली होती आणि ती कुणी घडी करून उचलतही नव्हतं. मधेच बारीक भुरभुर यायची, अंगणातली रांगोळी जरा मऊ करायची, आणि लगेच मागून ऊन यायचं. वारा म्हणावा तर नव्हता, पण फाटकाला बांधलेले केळीचे खुंट हलत होते. दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरची हवा ही अशी लग्नघरच्या यजमानासारखी असते; सगळ्यांकडे बघून हसते, पण कुणापाशी थांबत नाही.

जयलक्ष्मीपुरमच्या आपल्या घरात, ओट्यावर बसून भुजंगराव कॉफी पीत होते आणि फार समाधानात होते. (भुजंगराव फार समाधानात असले की घरच्यांनी सावध राहायला पाहिजे. पण खंडेनवमीच्या दिवशी एवढी फुरसत असते कुणाला?)

समाधानाला कारणं होती. पहिलं म्हणजे पूजा वेळेवर झाली होती. देवघरासमोर पाटावर तांबडं कापड, त्यावर पणजोबांची तलवार. हे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. ते कुठं लढले ते घरात कुणाला माहीत नव्हतं, पण तलवार होती, म्हणजे लढले असणार. तलवारीच्या शेजारी भुजंगरावांची स्वतःची आयुधं: पटाशा, रंधे, हातोडी, पक्कड, कानस, स्क्रू ड्रायव्हर. सगळं आयुष्य त्यांनी एका सुतारकामाच्या कारखान्यात कपाटं, पलंग आणि देव्हारे करण्यात घालवलं होतं. धुऊन, तेल लावून, गंध-कुंकू लावून, झेंडूच्या पाकळ्यांखाली ती हत्यारं अशी निजली होती की बघून भुजंगरावांना त्यांचा थोडा हेवा वाटला.

आता ती उद्या सकाळपर्यंत कुणी उचलायची नाहीत. हा नियम. वर्षभर ज्यांना आपण राबवतो त्यांना एक दिवस सुट्टी. भुजंगराव या नियमाला इतके पक्के होते की गल्लीत त्यांचं नाव काढलं तरी लोक हातातली कात्री खाली ठेवत. गेल्या खंडेनवमीला शेजारचे नरसिंहमूर्ती, हायस्कुलातले निवृत्त मास्तर, कंपाउंडच्या भिंतीपाशी उभे राहून सुपारी कातरत होते. भुजंगरावांनी अडकित्ता बघितला आणि त्या भल्या माणसाला आयुधांच्या मानाविषयी असं काही ऐकवलं की मास्तरांनी अर्धी सुपारी तशीच खिशात टाकली.

समाधानाचं दुसरं कारण म्हणजे गिटारचं काम संपलं होतं. म्हणजे, संपलं होतं असं त्यांना वाटत होतं.

गिटार वनजाची. वनजा त्यांची नात. तिचे आईवडील सरगूरला. वडील तिथं सहकारी बँकेत. पोरगी कॉलेजसाठी अज्जाकडे राहायला आली आणि येताना ही विजेवर वाजणारी गिटार घेऊन आली. आपल्या वीणेला कसा पोकळ भोपळा असतो, तसं काही या गिटारला नव्हतं. भरीव लाकूड, सपाट, पाटासारखं. पहिल्या दिवशी भुजंगरावांनी तिला बोटानं ठोकून बघितलं, वजन घेतलं आणि म्हणाले, "लाकूड बरं आहे. पण आवाज कुठून येणार?" वनजानं तिची तार एका पेटीला जोडून आवाज कुठून येतो ते दाखवलं. तेव्हापासून हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नव्हता.

पावसाळा सरता सरता एक दिवस वनजा म्हणाली, "अज्जा, ह्याला ट्रेमोलो ब्रिज पाहिजे मला. नवमीला संध्याकाळी मैदानावर कॉलेजच्या पोरांचा कार्यक्रम आहे ना, त्यात माझं एक गाणं आहे. त्यातला शेवटचा सूर थरथरला पाहिजे. बेंगळूरला एक माणूस बसवून देतो म्हणे."

"बेंगळूरला कशाला?" भुजंगराव म्हणाले.

एवढंच. सगळं पुढचं या दोन शब्दांतून झालं.

वनजानं समजावून सांगितलं. तारा जिथं अंगावर टेकतात तो ब्रिज. तिच्या गिटारला तो घट्ट बसवलेला होता. तो काढायचा, तिथं आरपार चौकोनी भोक पाडायचं आणि हलणारा ब्रिज बसवायचा. ब्रिजच्या पोटाला एक लोखंडी ठोकळा, तो भोकातून खाली लोंबणार. मागच्या बाजूनं तीन स्प्रिंगा त्या ठोकळ्याला धरून ठेवणार, आणि स्प्रिंगांचं दुसरं टोक दोन स्क्रूंनी लाकडात अडकवलेलं. वरून एक वाकडा दांडा. दांडा हलवला की ब्रिज डुलतो, ब्रिज डुलला की तारा ढिल्या-ताठ होतात, आणि सूर थरथरतो.

भुजंगरावांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांच्या हलणाऱ्या वस्तू घट्ट करून दिल्या. तू घट्ट वस्तू हलती करून मागतीस."

"होतं ना पण?"

"होईल की. न व्हायला काय झालं?"

बेंगळूरहून सामानाची पेटी आली आणि भुजंगराव कामाला लागले. आता भुजंगरावांचं काम म्हणजे सावकाश. कारखान्यात असताना त्यांनी एका मुलाच्या बारशासाठी करायला घेतलेला पाळणा त्याच्या धाकट्या भावाला उपयोगी पडला होता. आधी त्यांनी पुठ्ठ्यावर भोकाचा आकार कापला. तो आवडला नाही म्हणून दुसरा कापला. मग गिटारवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि दोन दिवस येता-जाता नुसते त्या रेघेकडे बघत राहिले. पहिल्यांदा पटाशी लावली तेव्हा वनजानं डोळे मिटून घेतले, आणि शकुंतलाबाईंनी, म्हणजे भुजंगरावांच्या पत्नीनं, स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, त्या पोरीला विचारून करताय ना?"

भोक पडलं. फार देखणं पडलं. पण आतल्या बाजूला, जिथं उभ्या जन्मात कुणाची नजर जाणार नाही, तिथं भुजंगराव काचपेपर मारत बसले. "अज्जा, पुरे आता," वनजा म्हणायची. "स्वल्प थांब," अज्जा म्हणायचे. असं स्वल्प स्वल्प थांबत नवरात्र बसलं, आणि अष्टमीच्या संध्याकाळी कुठं स्प्रिंगा अडकल्या, तारा चढल्या. त्या अजून सुरात लावायच्या होत्या. तेवढ्यात शकुंतलाबाई बादली आणि चिंच घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"झालं का तुमचं? सगळी हत्यारं धुवायची आहेत मला."

"झालं. ने," भुजंगराव म्हणाले.

काम नीट तपासल्याशिवाय हत्यार खाली ठेवायचं नाही, हे त्यांनी कारखान्यात किती तरी नवशिक्यांना सांगितलं असेल. पण बायको बादली घेऊन उभी असली की माणसाला आपलीच शिकवण आठवत नाही.

तर, नवमीची सकाळ, कॉफी, समाधान. आणि आतून वनजा गिटार घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा आभाळासारखाच झाला होता.

"अज्जा, जरा बघता का? पहिली तार लावली. मग दुसरी लावली, तर पहिली उतरली. तिसरी लावली, तर दोन्ही उतरल्या. सगळ्या लावून झाल्या की परत पहिली उतरलेलीच. सकाळपासनं हेच करतेय मी."

भुजंगरावांनी चष्मा लावला. वनजानं एक तार पिळली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ब्रिज मागच्या बाजूनं हळूच वर आला. बसलेली गाय उठताना मागचं अंग आधी उचलते ना, अगदी तसा. आणखी एक तार पिळली, आणखी वर आला. भुजंगराव बराच वेळ बघत राहिले. पुढून तारा ओढत होत्या, मागून स्प्रिंगा ओढत होत्या, आणि स्प्रिंगा कमी पडत होत्या. एका तारेला ताणलं की ब्रिज पुढं झुकायचा आणि बाकीच्यांना तेवढी ढील मिळायची. घरातही हे असंच असतं, त्यांच्या मनात आलं. एकाला जरा ओढून धरलं की बाकीचे आपोआप सैल पडतात. आणि आपण समजतो, बाकीच्यांचा काही संबंधच नाही. त्यांना आपल्या एका भावाची आठवण झाली. पण ती गोष्ट वेगळी.

"काही नाही," ते म्हणाले. "मागचे दोन स्क्रू आणखी आवळायला पाहिजेत. स्प्रिंगा ताणल्या की ब्रिज बसला खाली. आयतु, झालं काम."

"मग आवळा ना."

भुजंगरावांचा हात सवयीनं उजवीकडे गेला. उजवीकडे काही नव्हतं. मग अज्जा आणि नात, दोघांनी एकदमच देवघराकडे बघितलं. झेंडूच्या पाकळ्यांतून स्क्रू ड्रायव्हरची पिवळी मूठ तेवढी दिसत होती. तिच्यावर कुंकवाचा टिळा होता.

वनजानं घड्याळाकडे बघितलं.

"संध्याकाळी पाच वाजता बोलवलंय मला," वनजा म्हणाली. "गिटार नसली तर माझं गाणं काढून टाकणार ते. माझ्या जागी वाजवायला एक जण टपूनच बसलाय."

शकुंतलाबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी सकाळीच म्हणत होते, त्या गिटारलाही कुंकू लावते. ही पोरगी हात लावू दिली नाही. देवीला राग येणार नाही तर काय?"

"अज्जी, ते आयुध नाही, वाद्य आहे!"

"मग सरस्वतीसमोर ठेवायला दिली असतीस. तीही नाही दिलीस."

"तिथं ठेवलं असतं तर आज वाजवता आलं नसतं!"

"आवाज ऐकल्यावर मला तर ते आयुधच वाटतं," असं भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं. ते नरसिंहमूर्ती होते. त्यांच्या कंपाउंडमध्ये फुलझाडं फार होती आणि त्यांना पाणी घालायची वेळ नेहमी शेजारच्या घरात काही बोलणं सुरू झालं की यायची.

भुजंगराव भिंतीपाशी गेले. ते चार पावलांचं अंतर त्यांना फार लांब वाटलं.

"मूर्ती, तुमच्या घरी स्क्रू ड्रायव्हर आहे?"

"आहे की."

"मोकळा आहे?"

"मोकळा म्हणजे?"

"म्हणजे... पूजेत नाही असा."

नरसिंहमूर्तींनी पाण्याची झारी खाली ठेवली. अशा प्रसंगी हात मोकळे असलेले बरे. "भुजंगराव, मागल्या वर्षी मी एक सुपारी कातरत होतो. एकच. तुम्ही मला जे सांगितलं ते सगळं माझी बायको अंबुजा खिडकीत उभी राहून ऐकली. ह्या वर्षी तिनं घरातलं एकूण एक लोखंड पूजेला बसवलंय. हे बघा." त्यांनी हनुवटी पुढं केली. तिच्यावर पांढरे खुंट उगवले होते. "रेझरसुद्धा. आज सणाच्या दिवशी मी असा बसलोय. तुमच्यामुळं."

"पण एखादा जुना, अडगळीतला..."

"अडगळीतलाच आधी धुतली ती. त्याचा मान मोठा, म्हणाली."

भुजंगराव चप्पल घालून बाहेर पडले. कोपऱ्यावर संताजीरावाचं गॅरेज होतं. तिथं एवढी हत्यारं होती की त्यातलं एखादं तरी पूजेतून चुकलं असेल, असा त्यांचा हिशेब. पण संताजीराव भुजंगरावांच्याच नात्यातला, त्याच जुन्या घोडेस्वारांच्या वंशातला. त्याच्याकडे काही चुकणं कठीण होतं. गॅरेजच्या दारात कोहळा फोडलेला, आत स्कूटरींना हार, आणि रेशमी शर्ट घातलेला एक गोरापान माणूस खुर्चीत बसलेला. भुजंगरावांनी त्याला संताजीराव कुठं म्हणून विचारलं. तो संताजीरावच होता. त्याला ग्रीसशिवाय त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"बन्नी, बन्नी अण्णा! या, बसा, प्रसाद घ्या." त्यानं ओंजळभर चुरमुरे-फुटाणे दिले. भुजंगरावांनी अडचण सांगितली.

"अण्णा, काल आला असता तर पोतंभर दिलं असतं," संताजीराव म्हणाला. मग त्यानं जरा विचार केला. पाटावर मांडलेल्या, फुलांनी झाकलेल्या पान्यांकडे आणि स्क्रू ड्रायव्हरांकडे बोट दाखवलं. "तुमच्यापेक्षा मोठा माणूस नाही आमच्यात. तुम्ही चालतं म्हणत असाल तर चालतं. तुमच्याच हातानं उचला त्यातला एक. मी बघत नाही." आणि खरंच तो तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसला.

भुजंगराव पाटासमोर उभे राहिले. वाकले. फुटाणे हातातून खाली सांडले, ते वेचले, आणि तेवढंच करून परत आले. वाटेत सायकलवाला, लोहार, वायरमन अशा सगळ्यांकडे गेले. सगळ्यांनी त्यांना आदरानं बसवलं. घरी पोचले तेव्हा त्यांचे सदऱ्याचे दोन्ही खिसे चुरमुऱ्यांनी फुगलेले होते आणि स्क्रू ड्रायव्हर एकही नव्हता.

"चाकूच्या टोकानं फिरतोय का बघा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"चाकूला कुंकू लावलंस ना?"

"लावलं की. विळीला, उलथण्याला, किसणीला, सगळ्यांना."

"कपाटाची किल्ली?"

"तिला हळद लावलीय."

"नेलकटर?"

शकुंतलाबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. आपल्या पूजेत नेलकटर सुटलं असेल असं वाटणाऱ्या माणसाबरोबर एवढी वर्षं संसार केला, याचं त्यांना नवल वाटत असावं.

शेवटी भुजंगराव अंगठ्याच्या नखानं स्क्रू फिरवायला बसले. घरात तेवढं एकच हत्यार शकुंतलाबाईंच्या नजरेतून सुटलं होतं. स्क्रू हलला नाही. नख तुटलं.

दुपारची जेवणं झाली. वनजा जेवली नाही म्हणजे जेवली, पण पुरणाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तारा लावायची, उतरायच्या, परत लावायची. आतून येणारा तो आवाज ऐकत भुजंगराव देवघरासमोर उभे होते. वनजा येऊन मागं उभी राहिली.

"अज्जा, एकच मिनिट लागेल हो. परत जाग्यावर ठेवू. वाटलं तर मी पुन्हा कुंकू लावते. कुणाला कळणार आहे?"

खरंच, कुणाला कळणार होतं? हाच प्रश्न भुजंगरावही स्वतःला विचारत होते. नियम म्हणजे काय, माणसांनीच केलेला. पणजोबांच्या दळातले लोक म्हणे या दिवशी तलवारी खाली ठेवायचे आणि रिकाम्या हातानं हिंडायचे. एवढ्या मोठ्या, मिशावाल्या माणसांना एक दिवस स्वतःचे हात हलके वाटत असतील. भुजंगरावांनाही तसं वाटायचं. वर्षातून एक दिवस त्यांच्याकडून कुणी काही घट्ट करून घ्यायचं नाही, एक दिवस काही मोडलं असलं तर मोडलेलं चालायचं. तो दिवस त्यांचाही होता. पण समोर पोरगी होती. महिनाभर ती बेंगळूरला जाऊ शकली असती. ती गेली नाही, कारण अज्जा म्हणाले होते, कशाला. देवीला उद्या काही तरी सांगता येईल. ती फार जुनी आहे, तिनं फार काही बघितलंय. या पोरीला काय सांगायचं?

त्यांनी हात पुढं केला. झेंडूच्या पाकळ्या बाजूला सारल्या. पिवळ्या मुठीवर बोटं टेकवली, आणि ती थरथरायला लागली. (दांड्याशिवायच.)

वनजानं त्यांचं मनगट धरलं.

"नको अज्जा. राहू दे."

"अगं, पण तुझं गाणं..."

"तुम्ही वर्षभर ते बोलत बसाल. मला माहीत नाही का तुम्हाला? नको. मी फोन करून सांगते त्यांना."

ती आत गेली. भुजंगराव तिथंच पलंगाच्या कडेला बसले. वनजानं तिथं ठेवलेली गिटार त्यांनी मांडीवर घेतली, पालथी. ते त्या भोकाकडे बघत राहिले. आपण केलेल्या त्या देखण्या, आतून काचपेपर मारलेल्या भोकाकडे. लोखंडी ठोकळा त्यात मागं झुकला होता, आणि त्याच्या मागं बोटभर रिकामी जागा होती. ब्रिज का हलतो? जागा आहे म्हणून हलतो. जागाच ठेवली नाही तर?

"शकुंतला!" ते ओरडले. इतक्या मोठ्यानं त्यांनी बायकोला मुलाच्या जन्मानंतर हाक मारली नव्हती. "पाचर म्हणजे हत्यार का?"

"काय?"

"पाचर! कपाटाच्या पायाखाली नाही का आपल्या, लाकडाची?"

शकुंतलाबाई हात पुसत आल्या. त्यांनी विचार केला. या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा असे. "हत्यार कसलं? ते कापत नाही, ठोकत नाही, फिरत नाही. नुसतं एका जागी बसून असतं."

"तिला कुंकू लावलंयस?"

"एका जागी बसून असणाऱ्याला कुंकू कशाला लावू?" त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून ओट्यावर पडलेल्या कॉफीच्या कपाकडे त्यांनी एक नजर टाकली.

भुजंगरावांनी कपाटाला खांदा लावला आणि पाचर ओढून काढली. कपाट एका बाजूला कललं, त्याचं दार सावकाश उघडलं आणि शकुंतलाबाईंच्या साड्या एकामागून एक जमिनीवर उतरल्या. तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. पाचर ठोकळ्याच्या मागं बसली. जाड बाजूला जाड, बारीक बाजूला बारीक, जणू याच कामासाठी जन्मली होती. हातोडी पूजेत होती. भुजंगरावांनी तळहातानं मारलं. एकदा, दोनदा, हात लाल होईपर्यंत.

"वनजा! तार लाव."

तिनं पहिली तार लावली. दुसरी लावली. पहिली जाग्यावर होती. तिसरी, चौथी. ब्रिज हलला नाही. सगळ्या तारा लागल्या, आणि लागलेल्या राहिल्या. वनजानं एकदा सगळ्यांवरून हात फिरवला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो आवाज ऐकून शकुंतलाबाई म्हणाल्या, "बरं वाजतं की हे."

मग वनजानं दांडा धरून हलवला. दांडा हलला नाही. जोर लावला, तरी नाही.

ती अज्जांकडे बघत राहिली. अज्जा तिच्याकडे बघत राहिले. महिनाभर खपून, आरपार भोक पाडून, बेंगळूरचं सामान लावून, भुजंगरावांनी तिची गिटार बरोबर जशी होती तशी करून दिली होती.

"शेवटचा सूर..." ती म्हणाली.

"तो काही थरथरत नाही आता," भुजंगराव म्हणाले. "ते मी पक्कं केलं."

वनजानं दांडा सोडून दिला. मग तिला हसू फुटलं. ती हसत हसत साड्यांच्या ढिगावर बसली, आणि शकुंतलाबाई "अय्यो, माझी पैठणी!" म्हणून धावल्या.

संध्याकाळी मैदानावर खुर्च्या ओल्या होत्या, पण आभाळ उघडलं होतं. दूर शहराकडे दसऱ्याच्या दिव्यांचा उजेड वर आभाळाला लागला होता. भुजंगराव दुसऱ्या रांगेत बसले. शेजारी नरसिंहमूर्ती, दाढीचे खुंट घेऊन. पडद्याआड काही गडबड चालली होती. थोड्या वेळानं शकुंतलाबाई तिकडून आल्या आणि फार समाधानानं खुर्चीत बसल्या.

"काय केलंस?" भुजंगरावांनी विचारलं.

"काही नाही. देवीची मल्लिगे होती पिशवीत. तेवढी घालून आले." त्या म्हणाल्या. "पोरगी नको नको म्हणत होती, पण तेवढ्यात पडदा उघडला. सुम्ने, गुपचूप बसा आता."

पडदा उघडला तेव्हा वनजा मधे उभी होती. तिच्या गिटारच्या त्या वाकड्या दांड्यावर म्हैसूरच्या मोगऱ्याचा लांब, जाड गजरा लोंबत होता. मागची पोरं हसली. वनजानं खाली बघितलं, गजरा काढायला हात नेला, आणि मग राहू दिला.

ती वाजवत होती तेव्हा भुजंगरावांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांचं लक्ष सगळं ब्रिजवर. हलतो का? हलत नाही. पाचर धरून होती. गाणं शेवटाला आलं, बाकीची वाद्यं थांबली, आणि वनजा त्या शेवटच्या सुरावर उभी राहिली. भुजंगरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिचा उजवा हात दांड्याकडे गेलाच नाही. डाव्या हाताचं बोट तिनं तारेवर टेकवलं आणि तार नुसती बाजूला ओढली, सैल सोडली, ओढली, सोडली. वीणेवर ओढतात तशी. सूर थरथरला. लांबवर जाऊन थरथरला. मैदानावर सगळीकडून टाळ्या आल्या.

भुजंगराव टाळ्या वाजवायला विसरले. तो सूर अजून कुठं तरी चाललाय असं त्यांना वाटत होतं. एवढं लाकूड कोरलं, एवढं लोखंड बसवलं, ते थरथरणं आत आणायला. आणि ते तिच्या बोटातच होतं. पण मग ते कोरलं नसतं तर ती ओढून बघती का? हे काही त्यांना सुटेना. त्यांनी डोळे पुसले. ते नरसिंहमूर्तींना दिसू नये म्हणून खिशातले चुरमुरे त्यांच्यापुढं धरले.

मूर्तींनी मूठभर घेतले, सावकाश चावले, स्टेजवर नमस्कार करणाऱ्या वनजाकडे बघितलं, आणि भुजंगरावांच्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरगी फार छान वाजवली हो, भुजंगराव. आणि तुम्ही दांडाही सोयीचा बसवलात बघा. आधी त्या गिटारला गजरा अडकवायला जागाच नव्हती."